पडद्याआडचा श्वास

आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धेत मुलं पडद्याआड बसून वाजवत होती, तरी बाहेर पालकांची कुजबुज चालूच. "परीक्षकाचीच मुलगी स्पर्धेत आहे. बाप ओळखल्याशिवाय राहतोय होय!"

बापाने ओळखलंच. वाजवण्याआधी नाकाने मोठ्याने श्वास ओढायची लेकीची जुनी खोड; पडद्याआडून तोच आवाज आला. वादन अप्रतिम झालं. पण उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून त्याने काळजावर दगड ठेवून सगळ्यात कमी गुण दिले.

निकाल लागला. लेक पहिली!

"बघा, म्हटलं नव्हतं?" पालकांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. बाप चक्रावून गेला. लेक धावत आली आणि त्याच्या कानाशी लागली.



"बाबा, तुमच्यावर कुणी संशय घ्यायला नको, म्हणून आज मी श्वासाचा आवाजच होऊ दिला नाही."