उबेची जागा

घर गरम ठेवायला सरकारी मदत मिळणार होती, पण ते खरंच किती गार पडतं हे बघायला आधी साहेब येणार होते. कोरियातल्या तेबेक गावच्या माल्सून आजीनं आठवडाभराचा कोळसा सकाळीच पेटवला आणि साहेबांना पाहुण्याच्या मानाच्या जागी, चुलीलगतच्या तापलेल्या जमिनीवर बसवलं.

शेजारीण कुमजा तिच्या कानाशी लागली. "अगं, घर गार दाखवायचं होतं ना?"

"म्हणून काय पाहुण्याला गारठवू?" आजी मोठ्यानं म्हणाली.

साहेब हसले. "आजी, अख्ख्या घरात ऊब एवढीच आहे, आणि तिच्यावर मी बसलोय. तुमचं काम झालं समजा."

मदत मिळून जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या बसल्यावर साहेब पुन्हा आले. आजी गोंधळून उभीच. सगळं घर उबदार, आता पाहुण्याला बसवायचं कुठं?