निर्णायक मत

"डोळ्यांवर पट्टी नको," बाबा म्हणाले. "आंधळं करून काय दाखवणार आहात मला?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "पट्टी बांधली की आतलं जास्त दिसतं म्हणतात. पण सक्ती नाही."

"मग राहू दे."

त्यांनी कॅप्सूल तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि उशीला टेकून बसले. निवाडा सांगून झाल्यावर कोर्टात बसत, तसेच. आता कोणी काही बोलायचं नाही.

मुलगी खुर्ची ओढून कॉटजवळ बसली. गांजा, नशा आणणारी अळंबी आणि तसल्या सगळ्या पदार्थांवरची बंदी उठवायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीची ती अध्यक्ष. निदान उपचारांसाठी तरी ते खुले करावेत, असं विधेयक समितीपुढे होतं. बाजू अगदी समसमान होत्या, आणि बरोबरी झाली तर निर्णायक मत अध्यक्षाचं. शेवटी तिच्याच मतावर गाडं अडणार, हे उघड होतं. आणि तिचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वकिली करताना तिने नशेपायी भ्रमिष्ट झालेली कोवळी पोरं पाहिली होती, त्यांच्या आया पाहिल्या होत्या. बाबांनी तर असल्या गुन्ह्यांत भल्याभल्यांना तुरुंगात धाडलेलं. बापलेकीचं फारसं कशावर जमत नसे, पण या विषयावर घरात दुमत नव्हतं.

मग बाबांचं दुखणं शेवटच्या टप्प्यावर आलं. एका सकाळी, पाण्याचा पेला मागावा तशा आवाजात ते म्हणाले, "मला मरणाची भीती वाटते गं."

हा माणूस उभ्या जन्मात कशाला घाबरलेला तिने पाहिला नव्हता. या इस्पितळात अळंबीतून काढलेल्या औषधाचा रीतसर प्रयोग चालू आहे, ही बातमीही त्यांनीच काढली. ती आली ती संशय घेऊनच. म्हटलं, बघू तरी कसली जादू आहे ती.

"हात धरून बसा त्यांचा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "काहीजण घाबरतात."

तिने हात धरला. बाबांचा हात याआधी कधी धरला होता, ते तिला आठवेना. हातात काही वजनच उरलं नव्हतं.

बराच वेळ काही झालं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजून थांबली. तिला वाटलं, झाली फजिती. उठावं म्हणून तिने मान वर केली, तर बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा? दुखतंय का?"

"किती सुंदर आहे हे," ते पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. "थोडी वाढलीय. सुरू झालं," त्या कुजबुजल्या.

बाबांची नजर तिच्यातून आरपार जाऊन पलीकडे कुठेतरी लागल्यासारखी होती. तसा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. कपाळावरची आठी, जी घेऊनच ते जन्माला आले असावेत असं घरातले म्हणत, ती पुसल्यासारखी नाहीशी झाली होती.

"हे सगळं माझ्याजवळच होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं. आणि मी कामाचे कागद वाचत बसलो."

"काय होतं, बाबा?"

"बोलू नकोस. नुसती बस." मग थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "तुझी आई इथेच आहे."

तिने वळून पाहिलं. मागे कोरी भिंत होती.

"कुठे?"

"ही काय, समोर. अजून तशीच हसते."

आईला जाऊन एक तप उलटलं होतं. मुलगी रडली. दुपार उलटेपर्यंत ती त्यांचा हात धरून तशीच बसून होती. देवळात पाऊल टाकताना माणूस आपोआप वहाणा काढतो ना, तसं काहीतरी तिला आतून वाटत होतं.

त्या दिवसापासून बाबा पालटले. भीती गेली. जेवू लागले, नर्सची थट्टा करू लागले. "आता केव्हाही चालेल," म्हणाले, आणि ते खरंच होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका लख्ख परिणाम आपण अजून पाहिला नाही.

मतदानाच्या दिवशी ती समितीच्या सभागृहात उभी राहिली, तेव्हा ती विरोधातच बोलणार म्हणून सगळे गृहीत धरून बसले होते.

"मी पाहिलेली पोरं मी विसरलेले नाही," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या विक्रीला माझा आजही विरोध आहे. पण मरणाला घाबरलेल्या एका माणसाला मी माझ्या डोळ्यांदेखत निर्भय होताना पाहिलं. ज्या औषधाने हे घडलं, ते इतरांपासून हिरावून घ्यायचा मला अधिकार नाही."

मतं समसमान पडली. तिने आपलं मत दिलं आणि विधेयक संमत झालं. आयुष्यभर तिच्याशी भांडलेला विरोधी बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

ती तडक इस्पितळात आली. बाबा खिडकीशी उन्हात बसले होते.

"झालं, बाबा! तुमच्यामुळे झालं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुणेने तिला जवळ बसवलं.

"तुला सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "ती कॅप्सूल मी गिळलीच नाही, गालात धरून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंची पाठ वळली, तुझी मान खाली होती, तेव्हा दुसऱ्या हाताने रुमालात काढून घेतली."

"का पण?"

"तू हात धरलास. म्हटलं, आता तरी शुद्धीवर असावं."

"मग दुपारभर तुम्ही बघत काय होतात?"

"तुला."