लिनचा गार चहा

लिननं पेला पुढे केला आणि सदानंदनं हसून तो घेतला. आत काळपट, गार चहा होता. शेवंतीची वाळलेली फुलं, पुदिना, ज्येष्ठमध आणि आणखी कसल्या कसल्या मुळ्या उकळून लिन तो खोलीवर करायचा आणि थर्मास भरून रिफायनरीत आणायचा. अंगात उष्णता साठली की औषधाच्या आधी हा घ्यायचा, असं त्याच्याकडे तैवानात मानतात म्हणे.

सदानंद नाशिकचा. उन्हाळी लागली की आई धने-जिऱ्याचं पाणी पाजायची, तेव्हा हे खूळ त्याला नवं नव्हतं. नवी होती ती लिनची माया. दोन वर्षं एकाच कंट्रोल रूममध्ये शेजारी बसून या माणसानं कधी पाण्याचा ग्लास पुढे केला नव्हता. आणि आता रोज चहा? आयतं कोण कोणाला देतं?

कारण उघड होतं. ऑगस्ट लागताच इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि रास तनुरातल्या प्रत्येकाला घर आठवलं. सुपरिंटेंडेंट हुसेनमियाँ दाभोळचे, माणूस मोकळा. त्यांनी दोघांना बोलावून सरळ सांगितलं, की सप्टेंबरात एकालाच सोडता येईल, दुसऱ्यानं थांबून युनिट सांभाळायचं. नाव महिनाअखेर ठरणार होतं. चहा सुरू झाला तो दुसऱ्याच दिवशी.

सदानंदला जायलाच हवं होतं. दोनदा गर्भ गेल्यावर सुनीतीला तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि सप्टेंबरच्या शेवटी ती बाळंत व्हायची होती. फोनवर ती एवढंच विचारायची, "तुम्ही असाल ना?" ते ऐकून त्याच्या पोटात तुटायचं. ऐन वेळी तो दवाखान्यात पडला असता, तर विमानात कोण बसणार होतं? लिनच की!

म्हणून त्यानं त्या चहाचा एक थेंबही घेतला नाही. पण तसं दाखवलंही नाही. साहेबांना रिपोर्ट द्यायचाय म्हणत तो पेला घेऊनच बाहेर पडे, पाच-दहा मिनिटांनी रिकामा पेला आणून लिनपुढे ठेवी आणि फक्कड झाला होता म्हणून सांगे. लिन मान हलवून कामाला लागे. त्याचा तो साळसूद चेहरा बघून सदानंदचा संशय आणखी पक्का व्हायचा.

एकदा त्यानं थोडा चहा बाटलीत भरून लॅबमधल्या अरविंदला दिला. अरविंद पुण्याचा असूनही फारशा चौकशा न करणारा. पण युद्धाच्या धामधुमीत लॅबमध्ये कोणाला श्वास घ्यायची फुरसत नव्हती, त्यामुळे उत्तर यायला दोन आठवडे लागले. आर्सेनिक नाही, शिसं नाही, कीटकनाशक नाही. अरविंदनं तर काल स्वतः लिनकडून मागून दोन पेले घेतले होते.

"काहीच नाही?" सदानंदनं विचारलं. "रोज घेतला तरी?"

"बादलीभर घे. थंडावाच मिळेल."

सदानंदचा चेहरा पडला. बिचाऱ्याला उगाच संशय घेतल्याची लाज वाटतेय, असं अरविंदला वाटलं. त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात हुसेनमियाँचं बोलावणं आलं. टेबलावर मंजुरीचा कागद सही होऊन पडला होता. नाव लिनचं होतं. सदानंदनं ते दोनदा वाचलं. त्याला सुनीतीचा आवाज आठवला आणि घशात आवंढा आला.

"तुझ्या घरचं ठाऊक आहे मला, फार वाईट वाटतं," हुसेनमियाँ म्हणाले. "पण सगळा उन्हाळा माझ्या अंगाचा नुसता दाह होत होता, झोप नव्हती. तीन आठवड्यांत सगळं थांबलं. सुट्टीचा एक शब्दही न काढता साहेबासाठी रोज पेलाभर चहा पाठवायचा, हे आजकाल कोण करतं? तुला तर सांगायलाच नको. लिननं दिलाय म्हणून रोज तूच तर मला आणून देत होतास."