मंजूर दावे: शून्य

"आज काय झालं?" तिनं विचारलं. डाव्या खांद्यावर चार महिन्यांचं बाळ, उजवा खांदा आणि कान यांच्यात फोन.

"सर्व्हर डाऊन होता गं," बाबा म्हणाले.

"सोमवारी साहेब रजेवर, काल प्रिंटर बंद, आज सर्व्हर. बाबा, ते विम्याचं ऑफिस आहे की भंगाराचं दुकान?"

"चिडू नकोस गं, दूध आटतं!" मागून आईचा आवाज.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

नवी गाडी तीन आठवडे दारात नुसती उभी होती. इथल्या विमा कंपनीचं म्हणणं साधं होतं. मायदेशातल्या तुमच्या पॉलिसीवर मागची पाच वर्षं एकही दावा मंजूर झालेला नाही, असं जुन्या कंपनीचं पत्र द्या. नाहीतर तुम्ही आमच्या लेखी नवशिक्या, आणि नवशिक्यांचा विमा आम्ही उतरवत नाही.

तिची जुनी गाडी माहेरी होती, पॉलिसी अजून तिच्याच नावावर. त्या कंपनीचा टोल-फ्री नंबर परदेशातून लागत नव्हता. ईमेल केली की "आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे" एवढंच उत्तर यायचं. येत्या सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. पाळणाघर एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या, आणि बस दोन्हीकडे जात नव्हती. गाडी नाही तर नोकरीही नाही.

"सासऱ्यांनी तिकडची गाडी ठोकली असणार, म्हणून टाळतायत," नवरा बाळाचा लंगोट बदलता बदलता म्हणाला.

"बाबा? ते रिव्हर्स घेताना दोनदा खाली उतरून बघून येतात. आणि आईला तर सायकलसुद्धा येत नाही. गाडी काय आपली आपणच जाऊन धडकली?"

तरी संध्याकाळी तिनं विचारलंच. "बाबा, खरं सांगा. गाडी ठोकलीत?"

"शपथ! कित्येक महिन्यांत स्टेअरिंगला हात लावला नाही मी."

"मग भाजी काय उडत येते?"

"चालत जातो. चालणं चांगलं म्हणतात."

"चाला मग विम्याच्या ऑफिसपर्यंत!" तिचा आवाज चढला. "बाळंतपणाच्या वेळी हेच केलंत. तिकिटं काढली, बॅगा भरल्या, आणि आदल्या दिवशी म्हणे आईचे गुडघे धरलेत. मी वाट बघत बसले. सगळं एकटीनं निभावलं, बाबा. एक कागद मागतेय आता. एक!"



"उद्या जातो," बाबा म्हणाले.

तिनं त्या "उद्या"वर भरवसा ठेवला नाही. मैत्रिणीकडून जुन्या विमा एजंटचा नंबर मिळवला आणि बाळ झोपल्या झोपल्या फोन लावला.

"पत्र?" एजंट गोंधळला. "ताई, ते तर तुमचे बाबा पंधरा दिवसांपूर्वीच घेऊन गेले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घेऊन गेले?"

"हो ना. दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. तुम्हाला मिळालं नाही?"

"मला प्रत पाठवा. आत्ता."

प्रत आली. पहिल्याच ओळीत पाच वर्षांचा हिशेब होता: मंजूर दावे शून्य. तिनं पुढचं काही न वाचता ती इथल्या कंपनीला पाठवली. तासाभरात उत्तर आलं: विमा उतरवला आहे, गाडी आजपासून चालवू शकता.

म्हणजे पत्र स्वच्छ होतं! आणि बाबा पंधरा दिवस सर्व्हरच्या गोष्टी सांगत होते! आज बाबांची खैर नव्हती. तिनं माहेरचा नंबर फिरवला. रिंग जात असताना, काय काय सुनवायचं ते ठरवत, पत्र खालपर्यंत सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात एक शेरा होता. तारीख तिला तोंडपाठ होती, ज्या दिवशी आई-बाबांची तिकिटं रद्द झाली, तीच.

"एक दावा नामंजूर. वाहन रुग्णालयाच्या फाटकावर आदळले. चालक: पॉलिसीधारकाची आई. वाहनचालक परवाना नाही, चालवण्याचा अनुभव नाही. मागील आसनावर: हृदयविकाराच्या झटक्याने बेशुद्ध पडलेले पॉलिसीधारकाचे वडील."