चाळीस अभिप्राय

सदतिसावा अभिप्राय तिनं डाव्या हातानं लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं, म्हणजे झकासच आलं. खाली एका निवृत्त नर्सची सही ठोकून तिनं पेन बदललं.

प्रदर्शनाचा नववा दिवस. ललित कलेतल्या डॉक्टरेटला नुसता प्रबंध पुरत नाही. काम दहा दिवस लोकांपुढे मांडायचं आणि निदान चाळीस प्रेक्षकांचे अभिप्राय वहीत घेऊन परीक्षकांना दाखवायचे, असा नियम. नियम करणाऱ्यांचं काय जातं? हे दालन इमारतीच्या मागच्या अंगाला, वाट जिन्याखालून. इथे कोण मरायला येतंय? पहिले तीन दिवस ती इस्त्रीचे कपडे घालून दारात उभी राहिली. चिटपाखरू फिरकलं नाही. चौथ्या दिवशी ती खांबाआडच्या टेबलाशी बसली आणि पहिला अभिप्राय तिनंच लिहिला.

भिंतींवर बावीस चौकटी होत्या. कातरणं, टाके, खडूच्या खुणा. एक अख्खं शिंप्याचं दुकान तिनं कापडातून उभं केलं होतं. चौथ्या चौकटीत पुरुषाचा अर्धवट शिवलेला शर्ट. सातवीत मापांची वही, अण्णांची असायची तशीच, मागच्या पानापासून लिहीत आणलेली.

अण्णा म्हणजे तिचे वडील. तीन वर्षं अबोला होता. "ठमे, कातरणं चिकटवून डॉक्टर होणार?" ते म्हणाले होते. "मग आम्ही चाळीस वर्षं काय झक मारली?" तीही काही कमी नाही, बापाच्याच वळणावर गेलेली. "तुम्हाला नाही कळायचं," म्हणाली आणि बॅग भरली. आई असती तर दोघांचे कान धरून एका पंगतीला बसवलं असतं. आता घरं दोन आणि माणसंही दोनच, घरटी एक.

निमंत्रण तिनं टपालानं पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. डॉक्टरेट हवी होतीच, त्यासाठी सहा वर्षं घातली होती. पण अण्णांनी एकदा या भिंतीसमोर उभं राहावं, हे त्याहून जास्त हवं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला होतं कोण?

दारात पावलं वाजली. सफाईवाला असणार. तिनं मान वर केली नाही. जमत आलेलं वाक्य निसटलं असतं. पावलं थोडा वेळ थांबली आणि परत गेली.

अडतिसावा अभिप्राय तिनं एका म्हाताऱ्या शिंप्याच्या नावानं लिहिला. 'मी शिलाईतला माणूस. काम बिनचूक आहे. हिच्या घरच्यांना हिचा अभिमान वाटत असेल.' लिहून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. मग रडू आलं. डोळे पुसून ती डबा घेऊन मागच्या जिन्यावर गेली. वही टेबलावरच राहिली. नेणार कोण ती?

प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई आल्या. केस करडे, बोलणं मोजकं. दालनात एक चक्कर मारली आणि वही घेऊन तासभर बसल्या. इकडे हिची पाचावर धारण. पितळ उघडं पडलं तर सहा वर्षं पाण्यात.

"चौथ्या चौकटीतला शर्ट पुरुषाचा ना?" बाईंनी विचारलं.

"हो, मॅडम."

"मग काजं बायकांच्या बाजूला कशी? मुद्दाम?"

तिनं वळून पाहिलं. खरंच की. शिंप्याच्या पोरीला हे इतके दिवस दिसू नये? सारवासारव करता आली असती. मोठमोठे शब्द प्रबंधात शेकड्यानं होते. पण खोटं बोलून बोलून तिला वीट आला होता.

"मुद्दाम नाही. चुकलं."

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "अभिप्राय एक्केचाळीस आहेत."

"चाळीस, मॅडम."

"मी मोजलेत." त्यांनी चष्मा पुसला. "सगळ्यांबद्दल विचारत बसत नाही. पण त्या शिंप्याच्या शब्दावर मी सही करतेय. त्यांना काम कळतं. त्यांना जाऊन भेटा. लांबवू नका."

"हो," ती म्हणाली. भेटणार कुणाला, कप्पाळ!

मोजण्यात एक इकडचा तिकडे झाला असेल. तेवढ्यासाठी कोण वाद घालतंय? म्हणजे डॉक्टरेट मिळाली ती अशी, स्वतःच रचलेल्या शिंप्याच्या भरवशावर. पेढे वाटायला कुणी नव्हतं आणि पाठ थोपटायलाही. तिनं फोनवर अण्णांचा नंबर काढला, पाहिला आणि फोन पर्समध्ये टाकला. ज्याला यायचंच नव्हतं त्याला कळवून काय करायचं?

वही घेऊन ती कार्यालयात गेली. नियम तिथेही होताच, लिहिलेल्या प्रत्येक पानावर शिक्का. कारकून निवांतपणे एकेक पान उलटत ठोकत राहिला.

"चाळीस झाली. आता हे मागचं."

"मागची कोरी आहेत हो."

"कोरी कुठायत, ताई?"

त्यानं वही पालथी करून तिच्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, जाड आणि तिरकं.

'चौथीतली काजं चुकलीस. बाकी हात माझ्यापेक्षा सुबक आहे, ठमे. तीनदा येऊन गेलो. तिन्ही वेळा तू मान खाली घालून वहीत लिहीत होतीस. कामात होतीस, म्हणून हाक मारली नाही.'