रंभाबाईंचा डावा पाय

चिठ्ठी निघाली बारा नंबरची. रंभाबाई अकरा नंबरच्या खाटेवर होत्या.

मेट्रनबाईंनी परीक्षेच्या खाटेचा नंबर मोठ्यानं वाचला तेव्हा रंभाबाईंनी आधीच हात वर केला होता. डास उडवल्यासारखं करून तो त्यांनी खाली घेतला. सकाळपासून त्या तयार होत्या. वेणी घातलेली, कुंकू लावलेलं, खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर आयाबाईकडून दोनदा पाणी मारून घेतलेलं. संत्री तोडताना शिडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय कमरेपासून पंजापर्यंत पलस्तरात होता. तेवढा सोडला तर बाकीच्या रंभाबाई परीक्षेला सज्ज होत्या.

महिनाभर नर्सिंग शिकणाऱ्या जयवंतानं त्यांच्याच अंगावर सराव केला होता. रोज दुपारी ती तामचिनीचं घमेलं घेऊन यायची, खाटेवर निजल्या जागी त्यांचं अंग पुसून द्यायची आणि पुसता पुसता पाठ म्हणायची, 'आधी डोळे, मग चेहरा, मग हात...' नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत मागच्या खेपेला ती याच प्रयोगात नापास झाली होती. यंदा राहिली तर पुन्हा बसू देणार नव्हते. सर्टिफिकेट नाही, नोकरी नाही, घरी परतायला भंडाऱ्याची बस. या कार्यासाठी रंभाबाईंनी सव्वीस दुपारी अंग दिलं. यापेक्षा कमी देऊन लोकांचे चौकात पुतळे झालेले आहेत.

आणि बारा नंबरवर कोण, तर मीराबाई. परवा आलेली, तापाची. ताप आज सकाळीच उतरला होता. रंभाबाईंना त्यातही डाव दिसला.

"नीट पड वं," त्या म्हणाल्या. "पोरीले अडचण होते."

"मले नोको शिकवू," मीराबाई म्हणाली. "चिठ्ठी माही निघाली."

परीक्षकबाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि "करा सुरू" म्हटलं. जयवंतानं पडदा ओढला. अकरा नंबरच्या बाजूनं तो अर्ध्यावर अडकायचा. तसा आजही अडकला. रंभाबाईंनी तक्रार केली नाही.

जयवंतानं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. मग वाकून म्हणाली, "माय, डोळे मिटा."

माय! हा शब्द पोरीनं आपल्यासाठी राखून ठेवलाय, अशी रंभाबाईंची समजूत होती. तो ती बारा नंबरलाही वाटत होती, दवाखान्याच्या दुधासारखा.

डोळे झाले, चेहरा झाला, दोन्ही हात झाले. रंभाबाई चूक शोधत होत्या, पण चूक सापडेना. उजवा पाय पुसून, कोरडा करून, चादरीखाली गेला. मग जयवंतानं मीराबाईच्या खांद्याखाली हात घातला. "माय, आता कुशीवर व्हा."

डावा पाय राहिला.

रंभाबाईंनी आपल्या पलस्तराकडं पाहिलं. सव्वीस दुपारी पोरीनं एकच पाय पुसला होता. हातांना तेवढंच पाठ झालं होतं. तोंडानं ती मीराबाईला माय म्हणो की आणखी काही. हातांना अजून रंभाबाईच ठाऊक होत्या.

त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं, की त्या गप्प पडून राहिल्या.

मीराबाई सांगितल्याप्रमाणं कुशीवर झाली. सरकारी दवाखान्यात किती पाय पुसून देतात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

पाठ झाली, पावडर झाली, चादर झाली.

"झालं?"

"झालं, मॅडम."

परीक्षकबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "आणि डावा पाय?"

जयवंतानं चादर उचलून पाहिलं. पाय तिथं नसावा, अशी तिला थोडी आशा असावी. पण पाय होता. ती घमेल्याची कड धरून उभी राहिली आणि घमेल्यातलं पाणी हलायला लागलं.

"एवढा मोठा पाय विसरलात," परीक्षकबाई म्हणाल्या आणि लिहायला खाली वाकल्या.

रंभाबाईंनी पेन कागदावर टेकलेलं पाहिलं. मग हलणारं पाणी पाहिलं.

"ओ बाई! लिहून नोका राहू!" त्या ओरडल्या. "पोरगी काही इसरली नाही. महिनाभर माह्यावर हात बसला तिचा, अन् माह्याजवळ पुसाले पायच एक हाय. हा पाहा!" आणि त्यांनी अंगावरची चादर ओढून पलस्तर उघडं केलं.

परीक्षकबाईंनी पडद्याच्या फटीतून पलस्तर पाहिलं. मग जयवंताला पाहिलं, मग घड्याळ. टोपण पेनाला लागलं.

"सहा मिनिटं आहेत. पाणी बदला."

जयवंता धावत गेली नि धावत आली. रंभाबाईंकडं बघायला तिला वेळ नव्हता. तिनं मीराबाईची टाच तळहातावर घेतली, पाऊल अख्खं घमेल्यात सोडलं आणि बोटांच्या बेचक्यांतून हळूहळू हात फिरवला. घोट्यापासून मांडीपर्यंत लांब, सरळ हात. जरा कुठं सुटू नये म्हणून दोनदा.

"लई बरं वाटून राहिलं वं पोरी," मीराबाई डोळे मिटून म्हणाली.

"हो ना, माय?"

"जमलं हिला," परीक्षकबाई मेट्रनबाईंना म्हणाल्या.

त्याच वेळी रंभाबाईंना डाव्या पायाला खाज सुटली. पलस्तराच्या आत, गुडघ्याच्या बरंच खाली, जिथं बोट पोचत नाही आणि विणायची सुईही पोचत नाही, नेमकी तिथं.