वर्षभराचा पास

"दोन दिवसांचाच घ्या," खिडकीमागची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली. "हफेईहून आलात, उद्या संध्याकाळी परत निघणार. वर्षाच्या पासाचं काय लोणचं घालणार?"

दमिंगने खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकला. सकाळपासून यांगचौमधल्या दोन बागा आणि मिठाच्या व्यापाऱ्याची एक हवेली बघून झाली होती. आता संग्रहालयाच्या दारातच त्याचे पाय बोलू लागले होते.

"कळतंय मला. तरी वर्षाचाच द्या. चौघांना."

त्याची बायको शिउयिंग शेजारी उभी होती. गरम पाण्याचा थर्मास, छत्री, मुलीचं दप्तर असं सगळं तिच्याच खांद्यावर होतं. हॉटेलातून निघतानाच तिने ते त्याच्या हातून काढून घेतलं होतं.

"दोन दिवसांचा घेतला तर आईला संशय येईल," तो हळूच तिला म्हणाला. "वसंतात परत येऊ म्हणून मी तिला सांगितलंय."

"घे तुला हवा तो," शिउयिंग म्हणाली.

आई पलीकडे नातीला, नीनीला, हौदातले सोनेरी मासे दाखवत होती. मघाशी दगडी पुलाच्या पायऱ्या ती सगळ्यांच्या पुढे चढून गेली होती. वर पोचून तिने एक उकडलेलं अंडं सोललं आणि दमिंग धापा टाकत आला तसं त्याच्या तोंडाशी धरलं. बिचारीला काहीच कल्पना नाही, या विचाराने त्याला ते अंडं गिळवेना.

महिन्याभरापूर्वी त्याच्या कंपनीने कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची तपासणी ठेवली होती. त्याचे आणि आईचे रिपोर्ट आणायला शिउयिंग गेली होती. दमिंगचं नुसतं पित्त निघालं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या. आईच्या पोटात मात्र नको ते निघालं होतं. वसंतापर्यंत काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. असलं काही असलं की डॉक्टर घरच्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात आणि घरचा माणूस ते रोग्याला कळू देत नाही. सगळीकडे हीच रीत. दमिंगच्या वडिलांना आईने शेवटपर्यंत अल्सर आहे म्हणूनच सांगितलं होतं, आणि ते बिचारे अल्सरवर चिडतच गेले.

आता हे नाटक दमिंगच्या वाट्याला आलं होतं. त्याला ते झेपत नव्हतं. झोप उडाली, जेवण सुटलं, काळजीने पँट कमरेवर ठरेना. रजा काढून आईला फिरवून आणू, असं शिउयिंग म्हणाली तेव्हा त्याला बायकोचं फार कौतुक वाटलं होतं.

"काय घोळ घातलाय इथे?" आई येऊन ठेपली. "बुद्धांची यात्रा असल्यासारखी रांग लागलीय तुमच्या मागे."

कोबीच्या गड्ड्यासाठी भाजीवाल्याशी हमरीतुमरीवर येणारी बाई ती. दमिंगने घोकून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. "आई, वर्षाचा पास घेतोय. वसंतात फुलं बघायला परत येऊ ना, तेव्हा—"

"घे," आई म्हणाली.

"अं?"

"घे म्हटलं ना. वसंतात येऊच आपण." तिने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर नीनीकडे वळवली. "दर खेपेला तिकीट काढत बसायचं की काय?"

सुटलो, दमिंगच्या मनात आलं. इतक्या सहज ती फसली याचं त्याला वाईटही वाटलं.

वर्षाच्या पासावर फोटो लागतो, म्हणून खिडकीतल्या मुलीने सगळ्यांना एकेक करून स्टुलावर बसवलं. दमिंगला वडिलांचा फोटो आठवला. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागला. घरातल्या भिंतीवर आजही त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात आहे.

आईचा फोटो झाल्यावर तो खिडकीत वाकला. "हिचा हा फोटो मोठा करून मिळेल? तिला सांगू नका."

"मिळेल की," मुलगी म्हणाली.

"आता तू बस," आईने त्याला स्टुलावर दाबून बसवलं. थर्मासच्या झाकणात पाणी ओतून तिने कंगवा भिजवला आणि भर रांगेसमोर त्याचा भांग पाडला. मग कॉलर सरळ केली. वरचं बटण लावलं.

"आई, लोक बघतायत! पासाचा तर फोटो आहे."

"म्हणून भुतासारखा काढायचा? सरळ बघ. तोंड मीट."

शिउयिंग भिंतीवरचा शहराचा नकाशा बघत राहिली होती.

फोटो झाला. दमिंग स्टुलाला धरून उठला.

"जा, नीनीला घेऊन त्या बाकावर बस," आई म्हणाली. "पास आम्ही आणतो."

तो नीनीच्या खांद्यावर हात टेकून हळूहळू गेला. बाकावर बसताच त्याने डोळे मिटले.

"आई, मला नाही जमत आता हे," शिउयिंग सासूला म्हणाली.

"जमवायचं. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी मी नाही जमवलं?" आईने तिच्या खांद्यावरचा थर्मास आपल्याकडे घेतला आणि ती खिडकीत वाकली. "पोरी, माझा फोटो मोठा करायला सांगितलाय ना त्याने?"

मुलीने गोंधळून बाकाकडे बघितलं.

"तो राहू दे. मी एवढ्यात कुठे जात नाही. त्याचा दे, भिंतीवर लावण्याएवढा."